किराना घराण्याचा स्वर : उस्ताद अब्दुल करीम खाँ

किराना घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली, आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. तरुणपणी ते बडोदे संस्थानात दरबारी गायक होते. तेथून ताराबाई माने यांच्यासह ते मुंबईस आले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मिरज हेच त्यांचे गाव झाले.

त्यांच्या समकालीनांपैकी आग्रा घराण्याचे फैयाज खाँ भारदस्त, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजात मोकळ्या आकाराने गात. खाँसाहेबांचा आवाज याच्या अगदी उलट होता : उंच पट्टीचा, बारीक, किंचित नाकात लागणारा. त्यात जोर कमी, पण स्वर न थरथरता दीर्घकाळ स्थिर राहत असे. असा स्वर तंबोऱ्याच्या नादात मिसळून जातो आणि त्याच्या उंचीतील सूक्ष्म फरकही कानाला जाणवतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या संशोधनासाठी त्यांच्याच गळ्याचे साहाय्य घेतले, ते उगाच नव्हे.

१९०५ च्या सुमारास त्यांनी भोंग्यासमोर गाऊन दिलेल्या ध्वनिमुद्रिकांत वेग आणि जोर अधिक आहे. विजेवरील ध्वनिमुद्रण आल्यानंतर, १९३० च्या दशकात निघालेल्या मुद्रिकांत तोच गळा संथ व हळुवार झालेला आढळतो. या बदलात वयाइतकाच यंत्राचाही वाटा असावा. मैसूर दरबारशी आलेल्या संबंधांतून त्यांच्या गायनात कर्नाटक पद्धतीची सरगमही आली.

१९२२ मध्ये ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांची मुले. वडिलांचे नाव त्यांनी लावले नाही, गायकी मात्र किरान्याचीच राहिली. पट्टशिष्य सवाई गंधर्वांना निसर्गाने गोड गळा दिला नव्हता. कष्टाने त्यांनी ही गायकी साधली आणि पुढे भीमसेन जोशींच्या दमदार आवाजात तिने वेगळेच रूप घेतले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जात असता रेल्वेत खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि २७ तारखेला तेथेच त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरते.