दुर्गवाटांचे वारकरी : गो. नी. दांडेकर

दिवाळी सरली, भाताची कापणी आटोपली आणि रायगडाच्या उतारावरचे गवत पिवळे पडू लागले, की हिरकणीवाडीत शहरी पाहुण्यांची वर्दळ वाढते. महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील या वाडीतून १९९६ साली रज्जुमार्ग सुरू झाला आणि गडमाथा अवघ्या काही मिनिटांवर आला. तरीही पाठीवर पिशवी अडकवून चित दरवाजाच्या बाजूने पायऱ्या चढणारे आहेतच. बर्फाळ देशांतील लोक हिवाळ्यात रुंद तळाचे जोडे पायांना बांधून बर्फाच्छादित पायवाटा तुडवतात. सह्याद्रीत बर्फ नाही. शेवाळलेली पायरी आणि वैशाखात तापलेला कातळ यांच्यामध्ये मिळणारे जेमतेम चार महिने हाच येथला भटकंतीचा हंगाम. या हंगामात गडांवर जाण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला लावण्यात अनेकांचा हातभार आहे. त्यांत लेखणी आणि पाय या दोहोंनी वाट रुळवणारे म्हणून गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचे नाव पुढे येते.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाड्याचा. सह्याद्रीशी या गावाचा संबंध नाही. जवळ आहे तो सातपुडा. कोवळ्या वयातच स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने त्यांनी शाळा सोडली, घरही सोडले. पुढची वर्षे अनवाणी भटकंतीची. गाडगेमहाराजांच्या सहवासात ते राहिले, त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. वेदान्ताचे अध्ययन केले, नर्मदेची परिक्रमा केली. परिक्रमेत माणूस मिळेल ते खातो, मिळेल तेथे पाठ टेकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागतो. चालणे हा त्यांच्यासाठी विरंगुळा नव्हता. शाळेत जे मिळाले नाही, ते त्यांनी वाटेवर मिळवले. या अनुभवातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी उतरली. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर ग्रंथाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या या लेखकाने १९८१ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

पुढे ते तळेगाव दाभाड्यास स्थायिक झाले आणि सह्याद्री त्यांच्या उंबऱ्याशी आला. तेथून राजमाची, तुंग, तिकोना, लोहगड हे सारे टप्प्यातले. ते गडांवर जात, मुक्काम करीत, तरुणांना बरोबर नेत, छायाचित्रे घेत. ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांनी किल्ल्यांचे ज्ञान इतिहाससंशोधकांच्या कपाटातून काढून नोकरदाराच्या पिशवीत आणून ठेवले. वाट कोठून फुटते, पाण्याचे टाके कोठे आहे, हे सांगता सांगता ते वाचकाला बुरुजावर उभे करीत आणि खालच्या खोऱ्याकडे पाहावयास लावीत. राजगड आणि रायगड या दोन गडांवर त्यांची विशेष भक्ती. राजगड ही शिवरायांची पहिली राजधानी. रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. राजगड, तोरणा आणि रायगड यांना जोडणारी काही दिवसांची पायपीट आज गिर्यारोहण मंडळांच्या हिवाळी कार्यक्रमांत हमखास असते. दांडेकर रायगड चढू लागले तेव्हा रज्जुमार्ग नव्हता. जिल्ह्याचे नावही कुलाबाच होते, ते १९८१ च्या प्रारंभी बदलले.

त्यांच्या शिवभक्तीत भाबडेपणा नव्हता असे म्हणता येणार नाही. ‘बया दार उघड’पासून ‘हे तो श्रींची इच्छा’पर्यंतच्या शिवकालीन कादंबऱ्यांत राजाकडे पाहणारी नजर भक्ताचीच आहे. चिकित्सक वाचकाला ती क्वचित एकसुरी वाटते. पण याच लेखकाने गडाच्या कुशीत राहणाऱ्या साध्या माणसाला मराठी कादंबरीत जे स्थान दिले, त्याला तोड नाही. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये तुंगची हवालदारी मिरवणारे, पण काळाने मागे टाकलेले घराणे आहे. ‘माचीवरला बुधा’ मुंबईचा संसार मागे टाकून राजमाचीच्या रानात एकटा राहावयास येतो. ‘जैत रे जैत’मधील ठाकरांचे जग १९७७ साली जब्बार पटेल यांच्या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचले.

गडावर जाणे म्हणजे तेथल्या माणसांकडे जाणे, ही त्यांची शिकवण या पुस्तकांतून दिसते. रायगडापुरते बोलायचे तर हिरकणीची कथा याच जातीची. कोजागरीच्या दिवशी दूध घालण्यास वर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. कागदपत्रांचा आधार नसलेली ही आख्यायिका आहे. मात्र गडाच्या पश्चिम टोकाचा बुरूज आणि पायथ्याची वाडी अशी दोन ठिकाणे तिचे नाव सांगतात. ज्या उतारावरून आज शहरी पाहुणा हौसेने चढतो, तोच उतार वाडीतल्या बायकांच्या पोटापाण्याची वाट होता, हे त्या कथेतून कळते. पाळण्यात बसून वर जाणाऱ्याला ते सहसा कळत नाही. वृद्धांना आणि अपंगांना राजधानीचे दर्शन घडले, हा रज्जुमार्गाचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु पायाखालची वाट गेली की तिच्या काठची घरेही नजरेआड होतात.

दांडेकरांच्या पुस्तकांनी गडांकडे माणसे वळवली आणि कालांतराने त्या माणसांची गर्दी झाली. थर्टी फर्स्टच्या रात्री गडांवर दिसणाऱ्या शेकोट्या, टाक्यांत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि तटावर कोरलेली नावे ही त्या गर्दीची एक बाजू. सुट्टीच्या दिवशी पोती घेऊन तोच कचरा खाली आणणारी, झाडीने वेढलेले बुरूज मोकळे करणारी तरुण मंडळे ही दुसरी. त्यांतील कित्येकांच्या घरी ‘दुर्गभ्रमणगाथा’ची जुनी प्रत आढळते.

१ जून १९९८ रोजी दांडेकरांचे निधन झाले, तेव्हा हिरकणीवाडीचा रज्जुमार्ग दोन वर्षांचा होता. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत त्यांचे राजगड आणि रायगड दोन्ही आहेत.