तळपदे यांचे विमान आणि इंजिनाचा प्रश्न

राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडविले, ही कथा आमच्या डहाणूकडील वक्तृत्वस्पर्धांतूनही ऐकू येते. तो माणूस म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. कथा ज्या आवेशाने सांगितली जाते, त्या आस्थेने त्यांचे चरित्र मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पाठारे प्रभू समाजातील तळपदे १८६४ साली जन्मले आणि जे. जे. कलाशाळेत शिकले. विमानविद्येकडे ते वळले ते कारखान्यातून नव्हे, ग्रंथांतून. स्वामी दयानंदांच्या वेदविषयक लेखनाने त्यांना प्राचीन विमानांचे वेड लावले आणि १९०७ साली त्यांनी याच विषयावर मराठीत पुस्तिका लिहिली.

१८९५ साली त्यांचे ‘मरुत्सखा’ पंधराशे फूट उंच चढले व न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड त्यास साक्षी होते, असे सांगतात. त्याचा विश्वसनीय समकालीन कागद आजवर पुढे आलेला नाही. पुष्टीसाठी पुढे केला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ विसाव्या शतकातलाच असून त्यातील विमाने उडणे अशक्य आहे, असा निष्कर्ष बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला.

खरी मेख इंजिनात आहे. पाऱ्याच्या इंजिनाची गोष्ट ऐकणारा ते कोणी ओतले, कोणत्या लेथवर कातले, हे विचारीतच नाही. राइट बंधूंना हवे तसे हलके इंजिन बाजारात मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलदुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरांचे, बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. त्याचा अॅल्युमिनियमचा सांगाडा डेटन गावातच ओतून मिळाला. उलट अमेरिकी युद्धखात्याचे पन्नास हजार डॉलर आणि बावन्न अश्वशक्तीचे इंजिन हाती असूनही लँग्ले यांचे विमान १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले. तेव्हा केवळ पैशाची सबब पुरत नाही. टेलरसारखा कारागीर आणि त्याच्या हाकेला ओ देणारी ओतशाळा लागते. मुंबईत गिरण्या होत्या, रेल्वेचे कारखानेही होते. परंतु गिरण्यांची यंत्रे विलायतेहून येत. अशा शहरात एका कलाशिक्षित हौशी माणसाने उड्डाणाचा ध्यास घ्यावा, हेच मला न घडलेल्या पंधराशे फुटांहून मोठे वाटते.

तळपदे १९१६ साली वारले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. ते विमान आणि त्याचे इंजिन, दोन्ही इंग्लंडमध्ये बनलेली होती.