मालगुंडचे घर

यंदा आमच्या मंडळाची सहल मालगुंडला गेली. मासेमारी बंद असल्यामुळे मिरकरवाड्याच्या बोटी बंदरात बांधलेल्या होत्या आणि आम्हां बायकांनाही थोडी सवड होती. आरे-वारेच्या रस्त्याने, डाव्या हाताला खवळलेला समुद्र पाहत, आम्ही कवी केशवसुतांच्या जन्मघरी पोहोचलो.

घर कौलारू, अगदी साधे. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते जतन करून येथे स्मारक उभारले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, १८६६ साली येथे जन्मले. वडील शाळामास्तर. शिक्षणासाठी मुलाला बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे फिरावे लागले. मॅट्रिक होईपर्यंत १८८९ साल उजाडले. पुढे त्यांनीही मास्तरकीच केली. मुंबईत, खानदेशात फैजपूरला आणि शेवटी धारवाडला. पगार बेताचा, संसाराची सदा ओढाताण. तरी याच माणसाने १८९३ साली ‘तुतारी’ लिहून जुन्या रूढींविरुद्ध समाजाला हाक दिली, आणि इंग्रजी सुनीत मराठीत आणले.

गावापासून दूर असताना त्यांनी ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’ ही कविता लिहिली. हा वारा आम्हां बंदरावरच्या बायकांच्या चांगल्या ओळखीचा! तो सुटला की आमचे धनी घरी राहतात. त्यांना मात्र त्या वाऱ्यात आपले दूरचे कोकण भेटले.

माजघरात उभी असताना माझ्या मनात आल्या त्या त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई. नवऱ्याच्या नोकरीमागे गावोगाव चूल मांडणारी ही बाई. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने केशवसुत गेले. वय अवघे एकोणचाळीस. आठवड्याभरातच त्याही गेल्या. लेकी पोरक्या झाल्या. हरिभाऊ आपट्यांनी कवितांचे पुस्तक काढले ते १९१७ साली. ते हातात घेऊन पाहण्याचे भाग्य दोघांनाही लाभले नाही.

धनी समुद्रावर गेले की घर कसे तगते, हे आम्हांला कुणी सांगायला नको. म्हणून भगिनींनो, एक विनंती. आपल्या लेकीसुनांना मालगुंडला एकदा जरूर न्या. त्या ओटीवर कवीचे नाव घ्याल, तेव्हा रुक्मिणीबाईंचेही घ्या.

परतताना तोच वारा आमच्या तोंडावर येत होता.