मुलांचे साने गुरुजी

रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे होते. परंतु वडिलांच्या काळात वैभव ओसरले आणि घरात दारिद्र्य आले. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली. औंधला ते हाताने स्वयंपाक करून शिकत होते. प्लेगच्या साथीमुळे तेही गाव सुटले. १९१७ साली आईचे निधन झाले. तेव्हा ते तिच्याजवळ नव्हते. ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना काय हवे असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. ते मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, आजारी मुलांची शुश्रूषा करीत. आपल्या पगारातून गरजू विद्यार्थ्यांना मदत करीत. मुलांना जगाचे ज्ञान व्हावे म्हणून ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचे दैनिक लिहून काढीत.

१९३० साली नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्यांना कारावास घडला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. गरिबीतही स्वाभिमान आणि माणुसकी जपणाऱ्या एका साध्या गृहिणीची ही कथा घरोघरी पोहोचली. पुढे पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे गरीब मुलांना आश्रय देणाऱ्या संस्थेनेच, हे पुस्तक प्रकाशित केले. तिच्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. 'धडपडणारी मुले' यांसारख्या कादंबऱ्यांतून गुरुजींनी विद्यार्थी, शेतकरी, कामगार अशा सामान्य माणसांची सुखदुःखे सोप्या भाषेत मांडली.

आईने शिकवलेली समता त्यांनी कृतीतही आणली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले व्हावे, यासाठी मे १९४७ मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. अखेर मंदिराची दारे सर्वांसाठी उघडली. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

११ जून १९५० रोजी गुरुजींची जीवनयात्रा संपली. स्वतःच्या वाट्याला आलेले हाल दुसऱ्या मुलांच्या वाट्याला येऊ नयेत, यासाठी त्यांनी आपली कमाई, लेखणी आणि माया वेचली. म्हणूनच महाराष्ट्राने त्यांना गुरुजी म्हटले आणि मुलांनी त्यांच्यात आई पाहिली.