पंधरा मिनिटे न हललेला हात

एक्स-रे काढताना हलू नका असे आम्ही दिवसातून शंभरदा सांगतो. असे स्थिर बसावे लागलेली पहिली व्यक्ती आजारी नव्हती, ती शोध लावणाऱ्याची पत्नी होती.

विल्हेल्म राँटजेन १८४५ मध्ये जर्मनीतल्या लेनेप गावी जन्मले. वर्गमित्राचे नाव सांगितले नाही म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. पुढे वुर्ट्झबर्गला प्राध्यापक असताना, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, त्यांना क्ष-किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्थाचा हात फोटोच्या प्लेटवर ठेवला, सुमारे पंधरा मिनिटे! हात हलला असता तर हाडांच्या कडा पुसट झाल्या असत्या. प्लेटचा आधार होता, म्हणून निभावले. अंगठी मात्र बोटातच राहिली. आज आम्ही ती आधी काढायला लावतो.

आता छातीचा एक्स-रे क्षणात निघतो. एमआरआयला मात्र वीस-तीस मिनिटे लागू शकतात. तिथे गुडघ्याखाली उशी, डोक्याशेजारी स्पंज द्यावा आणि यंत्र ठकठक करील हे आधीच सांगावे. नुसते दरडावून कोणी स्थिर राहत नाही.

राँटजेन यांनी पेटंट घेतले नाही. १९०१ च्या नोबेलची रक्कमही विद्यापीठाला दिली. बर्था १९१९ मध्ये गेली, ते १९२३ मध्ये, आतड्याच्या कर्करोगाने.