जॅक वॉकर

जॅक वॉकर (१९ मे १९२९ – १७ ऑगस्ट २०००) हे इंग्लंडमधील पोलाद व्यापारी व उद्योजक आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचे मालक होते. लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न या आपल्या जन्मगावच्या क्लबवर त्यांनी १९९१ पासून अमाप पैसा खर्च केला. त्यातून १९९५ साली या क्लबला ८१ वर्षांनंतर इंग्लंडचे साखळी विजेतेपद मिळाले. धनवान व्यक्तीने क्लब विकत घ्यावा काय, आणि घेतल्यास पाठीराख्यांनी त्याच्याकडून कोणती अपेक्षा धरावी, या इंग्लंडमधील वादात वॉकर यांचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले जाते. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी हा क्लब पुण्याच्या एका उद्योगसमूहाकडे गेला. त्यामुळे मराठी वाचकालाही हे चरित्र सर्वस्वी परके राहिलेले नाही.

पूर्वायुष्य व उद्योग

ब्लॅकबर्न हे कापड गिरण्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्यांना उतरती कळा लागली आणि त्याच काळात वॉकर यांचे बालपण गेले. शालेय शिक्षण त्यांनी लहान वयातच सोडले. वडील चार्ल्स वॉकर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पत्र्याच्या कामाचा एक छोटा व्यवसाय सुरू केला होता. १९५१ साली वडिलांचे निधन झाल्यावर जॅक व त्यांचे बंधू फ्रेड यांनी तो हाती घेतला. पत्रा ठोकण्यापेक्षा पोलादाचा साठा करून तो लागेल तसा कारखान्यांना पुरवण्यात अधिक नफा आहे, हे दोघा भावांनी वेळीच ओळखले. ‘वॉकरस्टील’ ही त्यांची कंपनी पुढे ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या पोलाद पुरवठादारांपैकी एक झाली. १९८९ मध्ये ती ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून अधिक किमतीस विकण्यात आली.

या व्यवहाराच्या कितीतरी आधी वॉकर जर्सी बेटावर राहावयास गेले होते. हे बेट तेथील सौम्य करांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांच्या समूहाने १९८३ मध्ये जर्सी युरोपियन एअरवेज ही विमानकंपनीही घेतली. पुढे तीच फ्लायबी या नावाने ओळखली गेली. गावावर जीव असलेला माणूस गावाबाहेर, कर कमी असलेल्या ठिकाणी राहतो, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी बोलून दाखवली आहे. चरित्रकाराला ती वगळता येणार नाही.

क्लबची मालकी

ब्लॅकबर्न रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल साखळी सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांत तो होता. १९१२ व १९१४ मध्ये त्याने साखळीचे विजेतेपद मिळवले होते. मात्र १९६६ नंतर तो वरच्या श्रेणीतून घसरला, तो पाव शतक तेथे परतलाच नाही. वॉकर लहानपणापासून या संघाचे पाठीराखे. मालकीपूर्वीच, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी इवूड पार्क मैदानावरील एका प्रेक्षागाराच्या उभारणीस साहाय्य केले होते. जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी क्लबची सूत्रे पूर्णपणे हाती घेतली. तरीही अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. संघनिवडीतही ते ढवळाढवळ करीत नसत असे सांगितले जाते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केनी डॅलग्लिश यांना प्रशिक्षक-व्यवस्थापक म्हणून आणण्यात आले. लिव्हरपूलला वैभव मिळवून देऊन काही महिन्यांपूर्वीच पदमुक्त झालेला हा माणूस दुसऱ्या श्रेणीतील एका लहान गावच्या संघाकडे येईल, यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. मे १९९२ मध्ये वेम्बली येथील निर्णायक सामन्यात लेस्टर सिटीचा १-० असा पराभव करून संघ नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगमध्ये दाखल झाला. त्या उन्हाळ्यात साउथॅम्प्टनकडून ॲलन शिअरर या आघाडीच्या खेळाडूला तेव्हाची ब्रिटनमधील विक्रमी किंमत देऊन घेण्यात आले. १९९४ मध्ये ख्रिस सटनसाठी पन्नास लाख पौंड मोजले गेले आणि तो विक्रमही मोडला.

खर्च केवळ खेळाडूंवर झाला नाही. इवूड पार्कच्या तीन बाजू नव्याने बांधून सुमारे ३१,००० प्रेक्षकांची सोय झाली. गावाची लोकसंख्या लाखाच्या आसपास, म्हणजे दर तिसऱ्या माणसास जागा. ब्रॉकहॉल येथे सराव केंद्र व युवा खेळाडूंसाठी प्रबोधिनी उभी राहिली.

विजेतेपद आणि वाद

१९९४-९५ च्या हंगामात शिअररने साखळीत ३४ गोल केले. १४ मे १९९५ रोजी अखेरचा सामना, योगायोगाने, डॅलग्लिश यांच्याच जुन्या लिव्हरपूलच्या मैदानावर होता. ब्लॅकबर्न तो २-१ असा हरले. परंतु त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाच्या फरकाने विजेतेपद ब्लॅकबर्नकडे आले.

इतर क्लबांच्या पाठीराख्यांनी हे विजेतेपद विकत घेतलेले आहे असा आक्षेप घेतला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. तिकीटविक्री व इतर उत्पन्नातून हा खर्च भागणे शक्यच नव्हते. तूट मालकाच्या खिशातून भरली जात होती. ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांचे उत्तर असे की, मोठ्या शहरांतील क्लबही पैशाच्याच बळावर मोठे झाले आहेत. त्यांचा पैसा हजारो प्रेक्षकांकडून येतो, आमचा एका गावकऱ्याकडून आला, इतकाच फरक. शिवाय वॉकर यांनी क्लबमधून काही कमावले नाही. त्यांची मिळकत पोलादाची होती आणि तिचा उगम सर्वांना ठाऊक होता. पुढील काळात परदेशी राजघराणी व संशयास्पद मार्गाने धनवान झालेले उद्योगपती इंग्लिश क्लब घेऊ लागले, तेव्हा ही गोष्ट पाठीराख्यांना अधिक मोलाची वाटू लागली.

या वादातील कच्चा दुवा मात्र दोन्ही बाजूंनी क्वचितच दाखवला जातो. एका माणसाच्या औदार्यावर उभा राहिलेला क्लब त्या माणसाच्या आयुष्याइतकाच टिकाऊ असतो. आपल्याकडे संस्थानिकांच्या आश्रयावर चाललेल्या कुस्तीच्या आखाड्यांचे संस्थाने गेल्यावर काय झाले, हे जुन्या पिढीला स्मरत असेल. १९९६ मध्ये शिअररला न्यूकॅसल युनायटेडने दीड कोटी पौंड या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीस नेले. त्याने राहावे यासाठी वॉकर यांनी केलेला प्रयत्न व्यर्थ गेला. विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांनी, मे १९९९ मध्ये, संघ पुन्हा खालच्या श्रेणीत उतरला.

निधन व उत्तरकाळ

कर्करोगाने वयाच्या ७१ व्या वर्षी वॉकर यांचे निधन झाले. त्यानंतरच्या हंगामात संघाने प्रीमियर लीगमध्ये पुनरागमन केले आणि २००२ मध्ये लीग कप जिंकला. क्लबची मालकी वॉकर कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे होती. विश्वस्तांनी काही वर्षे साहाय्य चालू ठेवले. नंतर हात आखडता घेऊन ग्राहक शोधण्यास सुरुवात केली.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे ‘वेंकीज’ने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांस क्लब घेतला व त्यावरील कर्जही स्वीकारले. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेला हा समूह निफाड-सायखेडा परिसरातल्या कोंबडीपालक शेतकऱ्याला चांगला परिचित. ब्लॅकबर्नकरांना तो पूर्णतः अनोळखी होता. महिन्याभरातच व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढण्यात आले. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या पराभवाने संघाची पदावनती निश्चित झाली, त्या सामन्यात निषेध म्हणून कोणीतरी मैदानात कोंबडी सोडली. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीपर्यंत खाली गेला व पुढच्याच वर्षी एक पायरी वर आला.

नव्या मालकांनी पैसा दिला नाही असा आरोप टिकणारा नाही. वर्षानुवर्षे तूट त्यांनीच भरून काढली आहे. पाठीराख्यांची तक्रार मुख्यतः अनुभवशून्य निर्णयांची, दूरस्थपणाची आणि संवाद नसल्याची होती. वॉकर यांच्याशी प्रत्येक मालकाची तुलना करणे न्याय्य आहे का, हा प्रश्नही यात दडलेला आहे. गावात जन्मलेल्या माणसाला जी सूट मिळाली, ती परक्याला मिळणे अवघडच होते. इंग्लंडमध्ये मालकांची पात्रता तपासण्याचा नियम २००४ पासून आहे. परंतु त्यात प्रामुख्याने गुन्हे व दिवाळखोरी पाहिली जाते. आस्था मोजण्याची सोय त्यात नाही. २०२५ मध्ये तेथील संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा संमत केला असून पाठीराख्यांचे मत विचारात घेणे क्लबांवर बंधनकारक होत आहे.

स्मारके

इवूड पार्कमधील मुख्य प्रेक्षागारास वॉकर यांचे नाव देण्यात आले आहे. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे.