धुराड्याचा वैद्य

1795 साली काउंट रम्फर्ड म्युनिकहून लंडनला आला आणि शहरात शिरता शिरताच त्याच्या घोडागाडीमागे बांधलेली पेटी चोरांनी लांबवली. पेटीत अनेक वर्षांचे कागद आणि टिपणे होती. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. रम्फर्डचे लक्ष मात्र शहरावर साचलेल्या काळ्या ढगाकडे गेले. लंडनकरांच्या लेखी तो धूर म्हणजे तिथली हवाच. याला त्यात न जळलेला कोळसा दिसला. लोकांनी रोख मोजून घेतलेला आणि ऊब न देताच आकाशात गेलेला माल! माझी उमेद बुडीत कर्जांच्या फायली चाळण्यात गेली, म्हणून असेल, पण हा माणूस मला इथेच ओळखीचा वाटू लागला.

तसा तो सरळ मार्गाचा नव्हे. मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म 1753 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावचा. बाप लहानपणीच गेला. दुकानात उमेदवारी करताना शोभेची दारू बनवायला गेला आणि भाजून घेतले. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःहून बरीच मोठी, श्रीमंत विधवा बायको केली. स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूला होता, त्यांना गुप्त बातम्याही पुरवत होता. गाव उठल्यावर बायको आणि तान्ही मुलगी मागे टाकून निघाला, तो 1776 मध्ये लंडनला पोचला. बायकोचे तोंड त्याने पुन्हा पाहिले नाही.

पुढे बव्हेरियाच्या इलेक्टरच्या चाकरीत त्याने सैन्याची घडी बसवली. 1 जानेवारी 1790 रोजी म्युनिकमधले भिकारी धरून त्यांना कामाला लावले. त्यांच्यासाठी सातू, वाटाणे आणि बटाट्याचे स्वस्त, पोटभरीचे सूप शोधले. तोफेची नळी कोरताना इतकी उष्णता निघते की भोवतालचे पाणी विस्तवाशिवाय उकळते, हे दाखवून त्याने 1798 मध्ये उष्णता हा पदार्थ नसून गती आहे असे मांडले. या एका प्रयोगावरही त्याचे नाव राहिले असते. पण घराघरांत ते पोचले धुराड्यामुळे.

महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या इंग्रजी बंगल्यात ज्यांनी भिंतीतली फायरप्लेस पाहिली आहे, त्यांना पुढचे चटकन कळेल. त्या काळची फायरप्लेस म्हणजे खोल, चौकोनी कोनाडा आणि वर माणूस शिरेल एवढा रुंद गळा. धुराबरोबर खोलीतली गरम हवाही त्यातून वर जाई, दारा-खिडक्यांतून थंड वारा आत ओढला जाई आणि धूर उलटून खोलीत येई. पुढून माणूस भाजे, पाठीमागून गारठे. रम्फर्डने मागची भिंत पुढे आणली आणि तिची रुंदी दर्शनी तोंडाच्या सुमारे एक तृतीयांश ठेवली. बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, म्हणजे निखाऱ्याची धग खोलीकडे वळेल. लोखंडी पत्रे काढून विटा व दगड बसवले. आणि मुख्य म्हणजे, धुराड्याचा गळा आवळून चार इंचांवर आणला. थोड्या विटा, थोडा चुना, गवंड्याचे काम. धूर सरळ वर जाऊ लागला. श्रीमंतांच्या घरून बोलावणी आली, त्याने शेकड्यांनी धुराडी दुरुस्त केली आणि पेटंट मात्र घेतले नाही. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरीची नायिका जुन्या वाड्यात भव्य, भयाण फायरप्लेस पाहायला जाते, तर तिथे रम्फर्डची बेतशीर फायरप्लेस! फजिती करावी तर अशी.

पण धूर गेला म्हणून काजळी जात नाही. ओले लाकूड धुमसत ठेवले की धूर धुराड्यात निवतो आणि भिंतीवर डांबरासारखा थर धरतो. तो थर एकदा पेटला की धुराडे आगगाडीसारखे घोंघावते, भेगा पडतात आणि आग छपराच्या तुळयांपर्यंत पोचते. म्हणून जिथे आजही लाकूड जळते तिथे जाणकार सांगतात ते असे: लाकूड चांगले वाळलेले हवे, हिवाळ्यापूर्वी, वर्षातून एकदा तरी, विस्तव पूर्ण विझवून धुराडे तपासून घ्यावे आणि नळीच्या मापाच्या ताठ ब्रशने झाडावे, गळ्यामागच्या कट्ट्यावर पडलेली काजळी आणि पाखरांची घरटी काढावीत, राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर ठेवावी, कारण राखेखालचा निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. तुंबलेल्या धुराड्यातून खोलीत उतरणाऱ्या विषारी वायूला तर वासही नसतो.

रम्फर्डच्या काळी हा ब्रश म्हणजे एक पोर होते. लंडनच्या धुराड्यांची नळी साधारण नऊ इंच बाय चौदा इंच, कुठे नऊ बाय नऊच. तीत कोपर-गुडघे रोवत चार-पाच वर्षांची मुले चढत. पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 मध्येच दाखवले होते की या काजळीने झाडणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो. 1788 च्या कायद्याने आठ वर्षांखालील मूल ठेवायला बंदी केली. ती कोणी पाळली नाही.

आता चार इंचांच्या गळ्यातून पोर वर कसे जाणार? रम्फर्डने याचाही विचार केला होता. मागच्या भिंतीत वरच्या अंगाला सुमारे फूटभर रुंद वाट सोडायची, ती चुना न लावता एका सैल फरशीने बंद करायची, झाडायच्या दिवशी फरशी काढायची, मूल वर गेले-आले की परत बसवायची. निबंधात हे मापांसह आहे. भिकाऱ्यांच्या सुपातल्या सातूचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने त्या पोराचे मापही अचूक घेतले. मला त्याच्याविषयी आदर आहे, तरी ही फरशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

1799 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचा पाया घातला, मग पॅरिसला जाऊन 1805 मध्ये लाव्हाझिएच्या विधवेशी लग्न केले. ते फार टिकले नाही. त्याने न विचारता बोलावलेल्या पाहुण्यांना फाटक बंद केले, तिने त्याच्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. 1809 मध्ये दोघे वेगळे झाले आणि 21 ऑगस्ट 1814 रोजी पॅरिसजवळच्या ओतई इथे तो वारला.

जोडदांड्यांचा यांत्रिक ब्रश जॉर्ज स्मार्टने 1803 मध्येच करून दाखवला होता. पण वाकडीतिकडी धुराडी सरळ करून घेण्याचा खर्च घरमालकांना नको होता; पोर स्वस्त पडे. 1834, 1840, 1864, कायदे होत राहिले. 1875 च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबोर्न इथे एका रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, थोड्याच वेळात तो गेला. त्याच वर्षी धुराडी झाडणाऱ्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला आणि मुले चढवणे थांबले. रम्फर्डला जाऊन तेव्हा एकसष्ट वर्षे होत आली होती.